एक जूनच्या बारा मुली

ताराआत्या,

तिसऱ्या दिवशी येरळेच्या काठावर तुझ्याविषयी तीन भाषणं झाली. आपल्याकडं रक्षाविसर्जनाला माइक लागतोच, त्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटत नाही. आधी माजी सरपंच बोलले, मग सोसायटीचे कुणीतरी, आणि शेवटी आपल्याच भावकीतले बापूराव. तिघांनीही तुला 'जुन्या पिढीतल्या' म्हटलं. जुन्या पिढीतल्या कष्टाळू, जुन्या पिढीतल्या सोशिक, जुन्या पिढीचा आधारवड. मी चपला काढून वाळूत उभी होते आणि वाळू तापायला लागली होती. तू त्रेपन्न वर्षांची होतीस. बापूरावांना चौसष्टावं लागलंय.

मला हसू आलं. तुझ्या अस्थी समोर मडक्यात होत्या, तुझा लेक संदीप कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, आणि मला हसू आलं. रडू मात्र आलं नाही. 'हिचं पानी लय खोल हाय, मोटर लावाय लागती,' असं तू माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचीस. अजून मोटर लागलेली नाही.

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. तू मला दोन वर्षं एक प्रश्न विचारत होतीस आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. ते द्यायचं राहिलंय म्हणून हे लिहिते आहे. पण मी पडले वर्गात शिकवणारी बाई, पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तुला हे सगळं पाठ आहे, तरी ऐक.

तू माझ्या वडलांची सगळ्यात धाकटी बहीण आणि मी त्यांची थोरली मुलगी. आपल्यात तीन वर्षांचं अंतर. तू बहात्तरच्या दुष्काळातली. खडी फोडायच्या कामावर आजीला कळा सुरू झाल्या, तेव्हा मुकादमानं तिची अख्ख्या दिवसाची हजेरी लावून तिला घरी पाठवलं, असं आजी दर वेळी सांगायची. तुझ्या जन्मापेक्षा त्या हजेरीचंच तिला जास्त कौतुक होतं. मी तीन वर्षांनी आले, आणि मी आले म्हणून तुझी शाळा लांबली. आजी आणि आई रानात, मी तुझ्या कडेवर. सहाव्या वर्षी तू पाटी घ्यायच्या ऐवजी मला घेऊन बसलीस. मग मी सहा वर्षांची झाले तेव्हा आण्णांनी, म्हणजे तुझ्या वडलांनी, दोघींना एकाच दिवशी शाळेत नेलं.

गुरुजींनी जन्मतारखा विचारल्या. आण्णांना दुष्काळ माहीत होता, तारीख नव्हती. त्या काळी सगळेच गुरुजी करायचे तेच आपल्या गुरुजींनी केलं. चालू सालातून सहा वजा केले, पुढं एक जून लावला आणि दोघींच्या नावासमोर तीच तारीख लिहून टाकली. वर्गातल्या बाराच्या बारा मुली एक जूनच्या. मुलगेही तेच. अजून एक जून आला की गावातल्या मोबाइलांवर दिवसभर केकचे फोटो फिरत असतात आणि कोण कुणाला शुभेच्छा देतंय याचा पत्ता लागत नाही.

तर कागदावर आपण जुळ्या होतो. नात्यानं तू माझ्या एक पिढी वर, वयानं तीन वर्षांनी मोठी, आणि बसायला एका बस्करावर. मुलींचे नंबर वेगळे असायचे. चार नंबर तू, पाच नंबर मी. मी वर्गात तुला 'तारे' म्हणून हाक मारली की तू बस्कराखालून चिमटा काढायचीस, "आत्या म्हन." दिवाळीला मला तुझ्या पाया पडायला लावायचे आणि तू आशीर्वाद देताना माझ्या पाठीत बुक्की घालायचीस. गुरुजी बाहेर गेले की हजेरी तू घ्यायचीस, कारण मॉनिटर तू होतीस. स्वतःचा नंबर स्वतःच पुकारायचीस आणि मग आवाज बारीक करून स्वतःच 'हजर' म्हणायचीस. सगळा वर्ग हसायचा. तू हसायची नाहीस.

गणितात तू पहिली होतीस. माझी चौथीपर्यंतची गणितं तुझ्या पाटीवरून उतरलेली आहेत, हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. आज लिहिते.

सातवीनंतर हायस्कूल विट्याला. त्या उन्हाळ्यात माझे वडील फौजेतून सुट्टीवर आले होते. ओसरीवर चहा घेता घेता दहा मिनिटांत सगळं ठरलं. आण्णा म्हणाले, "आदी लेकीचं उजवू, मग नातीचं बगू." वडील म्हणाले, "माजी पोरगी शिकंल." 'माझी बहीणही शिकेल' असं काही ते म्हणाले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना ते सुचलंच नसावं. लेक वरच्या पिढीतली, नात खालच्या पिढीतली, आणि लग्नाची रांग वरून लागते. दोघींची तारीख एकच आहे, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. तू आत भाकरी थापत होतीस. थापायचा आवाज थांबला नव्हता, एवढं मला आठवतं.

वसंतमामांशी तुझं लग्न झालं. आपल्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचं त्रिचीजवळ गलाईचं दुकान होतं. सराफांकडचं मोडीचं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, हा विट्याकडच्या कितीतरी घरांचा धंदा आणि त्यापायी आपली माणसं सगळ्या देशभर पांगलेली. तू सतरा पुरी नव्हतीस. मी विट्याला आठवीत गेले होते. तुझ्या हळदीच्या दिवशी नेमकी माझी चाचणी परीक्षा होती आणि ती बुडाली म्हणून मी रुसून बसले होते. तू हळदीच्या अंगानं माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, "गनिताची हुती का?"

तिथं तू पंचवीस-तीस वर्षं काढलीस. तमिळ शिकलीस. तेजाबाच्या धुरानं मामांची छाती धरायला लागली तेव्हा दुकानात बसून कसोटीचा दगड हातात घेतलास आणि टंच काढायला शिकलीस. टंच म्हणजे आलेल्या सोन्यात खरं सोनं किती, ते ठरवणं. तिथले सराफ तुला अक्का म्हणायचे आणि मामांपेक्षा तुझ्या हाताचा टंच मागायचे, हे मला मामांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना ते खूश होते. मामा गेले, दुकान संदीपनं घेतलं, आणि तू गावाकडं परत आलीस. डोक्यावर पदर घ्यायला लागलीस. पदर दिसला की गावाला तेवढं पुरतं. बाई लगेच जुन्या पिढीतली होते.

आता साताऱ्याचं.

साताऱ्यातल्या त्या व्याख्यानाला मी तुला हौसेनं नेलं होतं. माझा विषय होता तीन पिढ्यांतली स्त्री. मी सांगलीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, या विषयावर मला झोपेत उठवलं तरी पाऊण तास बोलता येतं. पहिली पिढी आजीची, दुसरी पिढी पाठवतील तिकडं मुकाट्यानं गेलेल्या बायकांची, आणि तिसरी आमची. आमच्या पिढीतल्या मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. दुसऱ्या पिढीपाशी आल्यावर मला ऐन वेळी सुचलं आणि मी म्हणाले, "त्या पिढीच्या प्रतिनिधी, माझ्या आत्या, आज इथं तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत." तू उठून उभी राहिलीस. सगळीकडं वळून हात जोडलेस. टाळ्या पडल्या. त्या तुझ्यासाठी आहेत असं सगळ्यांना वाटलं, पण त्या माझ्याच होत्या.

परत येताना गाडी मुक्ता चालवत होती, माझी लेक. रहिमतपूरला चहाला थांबलो. तू बशीत चहा ओतलास, फुंकलास, आणि माझ्याकडं न बघता विचारलंस.

"वैजे, तू ती 'आमची पिढी आमची पिढी' म्हनत हुतीस. त्यात मी हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "आत्या, तू नात्यानं वरच्या पिढीतली ना."

"नात्याचं कोन इचारतंय? तू तितं कुटं नात्याचं बोलत हुतीस?"

मुक्ताला हे फारच आवडलं. तिनं मोबाइल काढला. या पोरांचं बरं असतं, त्यांना सगळ्यांच्या पिढ्या इंग्रजीतून पाठ असतात. एरवी ती तुला गमतीनं बूमर, म्हणजे जुन्या जमान्यातली, म्हणायची. "आत्याआजी, तुझी जन्मतारीख सांग."

"एक जून."

"आईची पण एक जून. साल?"

तू कागदावरचं साल सांगितलंस. मुक्तानं माझ्याकडं बघितलं. "अय्या, मग तुम्ही दोघी एकच की! दोघी जेन एक्स."

"त्ये काय असतंय?"

"म्हणजे मधली पिढी गं. जिला कुणी विचारत नाही."

"मग बराबर हाय," तू म्हणालीस आणि चहा संपवलास.

मला वाटलं, विषय संपला. पण औंधच्या पुढं गेल्यावर मागच्या सीटवरून तुझा आवाज आला. "आपल्या वर्गात बारा पोरी हुत्या. फुडं शिकल्या किती?"

मी बोटांवर मोजायला लागले, तोवर तूच सांगितलंस.

"तू एकटी. मग 'आमच्या पिढीतल्या पोरी शिकल्या' म्हनलीस त्या कंच्या?"

मी म्हणाले की समाजशास्त्रात सरासरीनं बोलावं लागतं. तू म्हणालीस, "सरासरी कुटं काढलीस? तुजं एकटीचंच सांगितलंस." मग मी तुला समजवायला गेले. खरं म्हणजे चुचकारायला गेले. म्हणाले, "तू वेगळीच आहेस आत्या. परमुलखात जाऊन धंदा शिकलीस. तू अपवाद आहेस."

"अपवाद मी व्हय? बारात अकरा अपवाद?"

मुक्तानं गाडीचा वेग कमी केला. हसू आवरत नव्हतं तिला. तू हसत नव्हतीस, पण चिडलेलीही नव्हतीस. एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तशी बोललीस. "आमच्या दुकानात सोन्याचा डाग आला की शिक्का बगून कुनी भाव करत न्हाई. शिक्का कुनीबी मारतंय. घासून बगाय लागतंय. एकेक डाग. तू न घासताच शिक्का मारलास, आनि वर मला हुबं केलंस."

ते 'वर मला हुबं केलंस' मला लागलं. अजून लागतं. मी तेव्हाच चुकलं म्हणायला हवं होतं. पण मला व्याख्यानाची सवय, मी वाद घालत बसले. म्हणाले, काहीतरी तर सारखं असतंच ना. आपण सगळ्यांनी शाळेत एकाच पातेल्यातली सुकडी खाल्ली, गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एकाच खिडकीला लोंबकळलो. या मुक्ताला ते सांगून कळेल का? त्याला काही नाव नको?

तू ते लगेच मान्य केलंस. "ते हाय की. पाटी पुसायला थुकी सगळ्यांचीच. नाव दे की. पर नाव दिल्यावर मानसं मोजून घे. बारा म्हंजी बारा." आणि मग म्हणालीस, "एकदा त्या बारा जनींचं लिव्ह. नावानिशी. मग त्याला पिढी म्हन, न्हायतर म्हनू नको."

मी म्हणाले, लिहीन.

लिहिलं नाही. पेपर तपासायचे होते, कॉलेजात तपासणी समिती येणार होती. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की बारा जणींचं लिहायचं तर अकरा जणी काय करतात ते मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत नव्हतं. तुला होतं. शालन कानपूरला असते, रत्ना गुवाहाटीला, सिंधूनं जतला मेंढरं राखत तीन पोरी मोठ्या केल्या, मंगल दोन घरं पलीकडंच राहते आणि तिचे गुडघे गेलेत. तू दक्षिणेत बसून सगळ्यांचा माग ठेवला होतास. मी पन्नास किलोमीटरवर बसून पिढीवर बोलत होते.

आणि आणखी एक. मुक्ता चार महिन्यांची असताना माझा प्रबंध अडला होता. मी फोनवर नुसतं 'जमत नाही' म्हणाले होते. तू संदीपला मामांपाशी ठेवून, दोन रेल्वे बदलून सांगलीला आलीस आणि चार महिने राहिलीस. मी आतल्या खोलीत लिहीत असायचे आणि तू मुक्ताला कडेवर घेऊन अंगणात तमिळ गाणी म्हणत फिरायचीस. आधी मी तुझ्या कडेवर होते म्हणून तुझी शाळा लांबली. मग माझी पोर तुझ्या कडेवर होती म्हणून माझी पीएचडी झाली. प्रबंधाच्या सुरुवातीला मी ज्यांचे ज्यांचे आभार मानलेत ती यादी परवा काढून बघितली. ग्रंथपालांचं नाव आहे. टंकलेखकाचं आहे. तुझं नाही. तू ते पुस्तक हातात घेऊन पहिलं पान वाचलं होतंस, मला आठवतं.

साताऱ्याहून आल्यावर महिन्याभरानं तू मोबाइलवर ग्रुप काढलास. 'सातवीच्या मुली'. बाराच्या बारा जणींचे नंबर तू कुठून कुठून मिळवलेस देव जाणे. रोज सकाळी सात वाजता तू लिहायचीस, 'हजेरी'. मग एकेक जण आपला नंबर लिहून पुढं 'हजर' लिहायची. कानपूरहून एक नंबर हजर, जतहून सात नंबर हजर. वर गुलाबाची फुलं, देवांचे फोटो, सुप्रभात. मी आठ दिवस राहिले आणि बाहेर पडले. तुला म्हणाले, कॉलेजच्या कामात जमत नाही गं. तू म्हणालीस, "बरं." वर्गात मुलांपुढं मी त्या ग्रुपवर एक विनोदही केला होता. चांगला हशा पिकला होता.

त्यानंतर तू ग्रुपचं कधी काढलं नाहीस. फोनवर शेवटी मात्र न चुकता विचारायचीस, "मग, तुज्या पिढीचं काय ठरलं?" मी म्हणायचे, "ठरवते, ठरवते." तू म्हणायचीस, "ठरव सावकास, मी कुटं जातीया." हा आपला ठरलेला निरोप होता. शेवटच्या फोनवरही हेच झालं. मग चार दिवसांच्या दुखण्यात तू गेलीस.

नदीवरून आल्यावर संदीपनं तुझी ट्रंक उघडली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला जन्मतारीख हवी होती आणि तुझं आधार कार्ड सापडत नव्हतं. ट्रंकेच्या तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत तुझा शाळेचा दाखला होता. त्रिचीला नेलेला आणि परत आणलेला. माझाही असाच एक दाखला आहे. दोन्ही गुरुजींच्या हातचे, एकाच दिवशी लिहिलेले. जन्मतारीख तीच. वर्तणूक चांगली. प्रगती, माझी साधारण, तुझी उत्तम. आणि खाली रकाना आहे, शाळा सोडण्याचे कारण. माझ्यात लिहिलंय, 'पुढील शिक्षणासाठी'. ते बरोबरच आहे.

तुझ्यातही तेच लिहिलंय. 'पुढील शिक्षणासाठी'.

संदीप म्हणाला, "गुरुजींनी एकाचं बगून दुसऱ्यावर लिवलं आसंल, वैजूताई." असेल. किंवा तू त्यांना तसं लिहायला सांगितलं असशील. आता विचारायला दोघंही नाहीत. दाखला सदतीस-अडतीस वर्षं पिशवीत जपून ठेवायचं दुसरं काही कारण मला सुचत नाही.

मग संदीपनं तुझा मोबाइल माझ्यापुढं धरला. "आई ह्या ग्रुपवर रोज काय लिवायची? मी कवा बगितलंच न्हाई."

मी बघितलं. बोटानं वर सरकवत गेले, पार दोन वर्षं मागं. रोज सकाळी सात. हजेरी. मग एकेकीचं हजर. आणि सगळ्यांच्या शेवटी, रोज, तुझ्या दोन ओळी.

'चार नंबर हजर.
पाच नंबर गैरहजर.'

एक दिवस चुकलेला नाही. दिवाळीत आहे. आपण दोघी मुक्ताच्या वाढदिवसाला सांगलीत एका घरात होतो, तू सकाळी माझ्यासमोर चष्मा लावून मोबाइलवर काहीतरी लिहीत होतीस, त्याही तारखेला आहे. तुला दवाखान्यात नेलं त्या सकाळीही आहे.

आधी मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे. मग मी शिक्षकासारखा विचार केला. पंचवीस वर्षं मी हजेरी घेते आहे. ज्या मुलाचं नाव कमी केलं, त्याचा नंबर कुणी पुकारत नाही. गैरहजर लिहितात ते पटावर असलेल्याचं. मी ग्रुप सोडला होता, तुझ्या मोबाइलवर तशी ओळही उमटली होती. तू नाव कमी केलं नाहीस.

म्हणजे प्रश्नच उलटा होता. तू माझ्या 'आमच्या पिढीत' आहेस का, हे मी दोन वर्षं ठरवत बसले होते. मी तुमच्यात आहे का, हे मी कधी विचारलंही नाही. आणि तू त्याचं उत्तर रोज सकाळी सात वाजता देत होतीस.

चुकलं माझं, आत्या. साताऱ्यात तुला उभं केलं ते चुकलं. रहिमतपूरला तू विचारलंस तेव्हा 'आहेस' एवढं एक म्हणायचं होतं.

ग्रुपची ॲडमिन तू एकटीच होतीस. मी संदीपला म्हणाले, मला परत घे. त्यानं तुझ्याच मोबाइलवरून घेतलं. माझ्या पडद्यावर ओळ आली, ताराआत्यानं तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं आहे. ग्रुपवर तू गेल्यापासून हजेरी झालेली नव्हती. श्रद्धांजलीची फुलं आली होती आणि मग सगळं गप्प.

काल शालननं कानपूरहून लिहिलं, 'वैजे आलीस व्हय. तू बाई हायस. उद्यापासनं हजेरी तूच घे.'

आज सकाळी सात वाजता मी घेतली. एक नंबर, शालन, हजर. दोन नंबर, रत्ना, हजर. तीन नंबर मंगल, तिनं लिहायच्या ऐवजी आवाज पाठवला, "हजर गं बाय." मग मी 'चार नंबर' लिहिलं. कुणी काही लिहिलं नाही. पुढचा नंबर घे असंही कुणी म्हणालं नाही. कानपूर, गुवाहाटी, जत, सगळ्या थांबल्या होत्या.

मी 'पाच नंबर हजर' लिहिलं. मग पडद्यावर परत वर जाऊन तुझ्या नंबरापुढं, गुरुजी पटावर लिहायचे तसं, लिहिलं.

चार नंबर गैरहजर.